खालच्या बाईंचा पाठ

आमच्या घरात सकाळच्या वेळी मिक्सर लावायला बंदी होती. ही बंदी घरमालकाची नव्हती, आईची होती. एर्लांगेनमधल्या त्या जुन्या तीन मजली घरात आम्ही मधल्या मजल्यावर राहायचो आणि आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली फ्राऊ ब्राटूंचं स्वयंपाकघर होतं. जर्मन माणूस कडाक्याच्या थंडीतही खिडकी वरच्या बाजूने तिरकी उघडून ठेवतो, हवा खेळती राहावी म्हणून. ती सवय आम्हालाही लागली होती आणि ब्राटूबाईंनाही. बाबा सायकल काढून कंपनीत गेले, की त्या दोन तिरक्या खिडक्यांमधून खालून एक आवाज वर यायचा. एकसुरी, संथ, मध्येच किंचित चढणारा आणि पुन्हा खाली येऊन टेकणारा. शब्द रुमानियन होते आणि आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आईला मात्र काय चाललंय हे पहिल्याच दिवशी समजलं, निदान तिला तसं वाटलं. "खालच्या बाईंचा पाठ चाललाय," ती कणीक भिजवता भिजवता म्हणाली, "तो होईस्तोवर मिक्सर लावायचा नाही आणि तू त्या रेडिओला हात लावायचा नाहीस." बाबा म्हणायचे, अगं, तिकडे कम्युनिस्ट राजवट आहे, तिथली माणसं कसला पाठ करतात? त्यावर आईचं उत्तर तयार असायचं. "म्हणूनच तर इथे येऊन करतायत."

आईला पाठाचं वेड का, हे सांगायला हवं. तिचे वडील मिरजेला शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांनी आईला अक्षरओळख व्हायच्या आधी स्तोत्रं शिकवली होती. शिकवली म्हणजे काय, ते आंघोळीनंतर म्हणायचे आणि ही त्यांच्या मागे उभी राहून ऐकायची. अर्थ विचारला तर ते रागवायचे, अर्थ मोठेपणी कळेल, आधी जिभेवर बसू दे. त्यामुळे आईचा कान असा तयार झाला होता की कुठलीही गोष्ट सुरात, ठरावीक क्रमाने तिच्या कानावर रोज पडली तर ती आत जाऊन बसायचीच. टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीसुद्धा तिला सगळ्या जर्मनमध्ये पाठ होत्या, आणि जर्मन मात्र तिला धड येत नव्हतं. बेकरीत पाव मागताना ती अजून माझ्याकडे बघायची.

ब्राटूबाईंशी आमची ओळख झाली ती भरताच्या वासामुळे. एके दिवशी दुपारी शाळेतून आले तर आई जिन्यात उभी. नाक वर करून वास घेत होती. "मंजू, खाली कुणीतरी वांगं भाजतंय." खरंच भाजत होतं. आई हिंगाची डबी हातात घेऊन, का ते देवालाच ठाऊक, सरळ खाली गेली आणि तिने दार वाजवलं. ब्राटूबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांची बोटं काळी झाली होती आणि मागे गॅसच्या ज्योतीवर वांगी तडतडत होती. त्या उंच होत्या, पिकलेले केस मानेवर आखूड कापलेले, आणि डोळे समोरच्याच्या तोंडावरून हलायचे नाहीत. त्या भरतात तेल आणि कांदा घालायच्या, आई मिरची आणि शेंगदाण्याचं कूट. दोघींनी एकमेकींचं भरीत चाखलं आणि दोघींनाही दुसरीचं बेचव वाटलं. तरी त्या दिवसापासून जिन्यातून वाट्यांची ये-जा सुरू झाली. आई क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड करून पाठवायची, खालून भरलेल्या मिरच्या यायच्या. आई त्यांना ब्राटूबाई म्हणायची आणि त्या आईला फ्राऊ दामले म्हणायच्या, शेवटपर्यंत.

बाबांनी कंपनीतून बातमी आणली की खालच्या बाई लेखिका आहेत. त्यांच्या देशात त्या मोठ्या वर्तमानपत्रात होत्या, गोष्टींची दोन पुस्तकं होती आणि ती दुकानांतून एका रात्रीत काढून घेतली गेली होती. "आल्झो, म्हणजे साधीसुधी बाई नाहीये ही," बाबा बूट काढता काढता म्हणाले. मी त्यापूर्वी कधी जिवंत लेखक पाहिला नव्हता. मला वाटायचं लेखक म्हणजे एक तर मेलेला असतो किंवा पुण्यात असतो. आता तो आमच्या पायाखाली राहत होता आणि त्याच्याकडे आमची वाटी होती. मी काही ना काही निमित्त काढून खाली जायला लागले. त्या इस्त्र्या आणि शिलाईमशिनींची माहितीपत्रकं भाषांतर करून पोट भरायच्या आणि कधीमधी इथल्या वर्तमानपत्रात एखादा लेख लिहायच्या. खिडकीशी टाइपरायटर होता, पण त्यावर फक्त लोकांची कामं. स्वतःचं त्या एक अक्षर लिहीत नव्हत्या.

का लिहीत नव्हत्या आणि तो सकाळचा पाठ कसला होता, हे मला पुढे कळलं. ते मी इथेच सांगून टाकते. गोष्ट लपवून ठेवून ऐनवेळी काढणं मला जमत नाही, माझा नातू त्यावरून मला चिडवतो, तोही जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचं आणि त्याने कायझर्सलाउटर्नहून फोनवर जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा करार आहे. तर, ब्राटूबाई वार्ताहर असताना त्यांच्या देशातल्या एका डोंगराळ गावात कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं आणि सकाळच्या पाळीची माणसं आतच राहिली. वर्तमानपत्रात आलं ते एवढंच, की खाणीत किरकोळ बिघाड झाला होता आणि काम पूर्ववत सुरू आहे. नाव एकाचंही नाही. ब्राटूबाई त्या गावात गेल्या. प्रत्येक घरात बसल्या. टिपणं काढायची सोय नव्हती, कारण परतीच्या वाटेवर झडती ठरलेली. तिकडे टाइपरायटर बाळगायचा तरी पोलिसांत नोंद करावी लागे, त्याच्या अक्षरांचा नमुना देऊन. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली. बायकांना त्या एकच प्रश्न विचारायच्या: त्या दिवशी निघताना त्याने काय खाल्लं होतं? बायका बाकी काही बोलायला घाबरायच्या, पण हे सांगायच्या. एक माणूस आणि त्याचं शेवटचं खाणं, एवढंच पाठ करायचं. तेवढं धरलं की मागचं सगळं घर, त्यातली माणसं, त्यांचं बोलणं आपोआप आठवायचं. असं सबंध पुस्तक डोक्यात घेऊन त्या एका सांस्कृतिक मंडळाबरोबर देशाबाहेर पडल्या आणि परत गेल्या नाहीत. सरहद्दीवर त्यांच्या बुटांचे तळवे उसवून पाहिले होते.

मी पुढे आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, आधी येना शहरात, मग पुन्हा इथे. लाखभर पुस्तकं माझ्या हाताखालून गेली असतील. पण पुस्तक या शब्दाबरोबर माझ्या डोळ्यांपुढे अजून येते ती एक बाई, टेबलाशी बसलेली, समोर पांढऱ्या घेवड्याच्या दोन वाट्या. एक माणूस म्हणून झाला की त्या एक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकायच्या. शेवटच्या नावाला पहिली वाटी रिकामी व्हायला हवी. आईने ते दाणे पाहिले होते आणि तिची खात्रीच पटली होती. "जपच आहे. माळ नसेल मिळाली इथे."

पुस्तक त्या लिहीत नव्हत्या कारण त्यांची आई तिकडे होती. म्हातारी, एकटी. इथे पुस्तक छापलं तर तिकडे तिच्या दारात गाडी उभी राहिली असती. आणि नुसतं लिहून कपाटात ठेवायलाही त्या तयार नव्हत्या. कागद सापडतो, असं त्या म्हणायच्या, इथेसुद्धा. म्हणून आई असेपर्यंत रोज सकाळी उजळणी. दुसऱ्या कुणालाच ती माणसं एकत्र माहीत नव्हती. ब्राटूबाई विसरल्या असत्या तर जो विसरला गेला तो जगात होता याचा एवढा एकच पुरावा गेला असता. आपल्या गावातल्या एका माणसाचा भार पेलताना आपण थकतो. ही बाई सबंध पाळीची माणसं अंगावर घेऊन भाजी आणायला जात होती.

त्या हिवाळ्यात एकदा शनिवारी सकाळी ब्राटूबाई वर आल्या. हातात बशी होती. शिजवलेले गहू, साखर, अक्रोडाची पूड, वर पिठीसाखरेची नक्षी. आईचा चेहरा फुलला. "अगंबाई, आपले खिरीचे गहू! मंजू, विचार त्यांना, कुठला सण आहे?" मी विचारलं. ब्राटूबाई म्हणाल्या, "सण नाही. आमच्याकडे माणूस गेलं की हे करतात आणि शेजारी वाटतात. माझी आई गेली. मंगळवारीच पुरलं, मला काल फोन आला." त्यांना जाता येणार नव्हतंच. मी मराठीत सांगेपर्यंत आईला त्यांच्या तोंडावरून कळलं होतं. तिने बशी दोन्ही हातांनी घेतली, ओट्यावर ठेवली, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग त्यांच्यासमोर बसून तिने त्यातला एक घास खाल्ला. ब्राटूबाईंचे डोळे लाल होते, पण त्या रडत नव्हत्या. एकदम म्हणाल्या, "आज सकाळी माझं व्हायचं राहिलंय," आणि उठायला लागल्या. आईने त्यांचा हात धरला. आपल्या मोडक्या जर्मनमध्ये, मध्येमध्ये माझ्याकडे बघत, तिने त्यांना सांगितलं की आमच्यात घरातलं माणूस गेलं की सुतक असतं. सुतकात पाठ करत नाहीत. देवाला चालतं. सुतक फिटलं की पुन्हा सुरू करायचा. "आता काही म्हणू नका. बसा. झोपा. मी जेवण पाठवते."

ब्राटूबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "हो. बरं."

तेव्हा मलाही तो पाठच वाटत होता, त्यामुळे आई म्हणते ते मला रास्तच वाटलं. पुढचे दिवस आमच्या घरात विचित्र गेले. खालून आवाज नाही. मिक्सर लावायला मोकळीक होती, तरी आई खलबत्त्यातच चटणी कुटायची. दोन वेळचं जेवण मी खाली नेऊन द्यायचे. खिचडी, ताकाची कढी, एकदा तांदळाची भाकरी. ब्राटूबाई निजलेल्या असायच्या किंवा खिडकीशी बसलेल्या. त्या इतक्या झोपू शकतात हे मला नवीन होतं. मला वाटलं, बरं झालं आईने सांगितलं.

सुतक फिटल्यावर पहिल्याच सकाळी खालचा आवाज सुरू झाला आणि आईने सुटकेचा निःश्वास टाकला. सुट्टी होती, मी तिच्याजवळ मटार सोलत होते. आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं त्या आवाजाच्या लयीत फिरायचं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. अचानक ते थांबलं. "गाळली," आई म्हणाली. काय गाळली? "ओळ. एक ओळ गाळली त्यांनी." खाली आवाज पुढे जात राहिला, संपला, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. आई लाटणं हातात धरून खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याच जागी येऊन तिने मान हलवली. "पुन्हा तिथेच." तिसऱ्या वेळी आवाज शेवटाला येऊन तुटला आणि खालून असा हुंदका आला की मी मटाराचं ताट ठेवून उठले. आई माझ्या आधी जिन्यात होती, पिठाच्या हातांनी.

दार उघडंच होतं. ब्राटूबाई टेबलाशी बसल्या होत्या. एक वाटी भरलेली, दुसरीत एकच दाणा. त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "एक राहिला. माझा एक माणूस राहिला. चेहरा दिसतोय, दार दिसतंय, आणि नाव येत नाही." मी उंबऱ्यातच थबकले, कारण त्या पाठाबद्दल माणूस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. आईला तो कळला नाही. तिने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, एक राहिलं म्हणतायत. "तेच सांगायला आले मी. मागच्या ओळीपासून धरा म्हणावं. अडलं की एक ओळ मागे जायचं आणि न थांबता यायचं, म्हणजे जीभ आपली आपण पुढे जाते." मी सांगितलं. ब्राटूबाई नुसती मान हलवत राहिल्या. तेव्हा आईने हात पदराला पुसले, डोळे मिटले, आणि वडिलांच्या मागे उभी असल्यासारखी, त्याच सुरात, स्वतःच म्हणायला लागली.

"वासिले, पिने कू उंतुरा. तोआदेर, मामालिगा रेचे शी चापा. गावरिला, निमिक."

आमच्या घरात रुमानियनचा एक शब्द कुणाला येत नव्हता. आईला बेकरीत पाव मागता येत नव्हता. आणि ती तिथे उभी राहून हे म्हणत होती, आघात जिथल्या तिथे, गावरिलानंतरचा, त्यानंतरचा, एकेक माणूस, ठेच न लागता. ब्राटूबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी आईचं मनगट धरलं. "तो. गावरिलाच्या आधीचा. पुन्हा." आई डोळे उघडून म्हणाली, "तोआदेर?" आणि ब्राटूबाई ते नाव घेत उरलेला दाणा भरलेल्या वाटीत टाकून पुन्हा बसल्या. मी पुढे मोठमोठे विद्वान पाहिले, नोबेलवाल्यांची व्याख्यानं ऐकली. त्या सकाळी मला आईकडे बघताना जी भीती वाटली, चांगल्या अर्थाने भीती, ती पुन्हा वाटली नाही.

मग ब्राटूबाईंनी आम्हाला सगळं सांगितलं, खाण, पाणी, घरं, तो एकच प्रश्न. मी जसं जमेल तसं मराठीत करत होते. आई मध्येच म्हणाली, "म्हणजे ही माणसं आहेत?" मी म्हटलं, होती. "आणि हे चापा, उंतुरा?" त्यांचं खाणं, आई. वासिलेने चरबी लावलेला पाव खाल्ला होता. तोआदेरने गार मामालिगा, म्हणजे मक्याची उकड, आणि कांदा. "मग गावरिलाचं निमिक म्हणजे काय?" मी ब्राटूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "निमिक म्हणजे काही नाही. बायकोशी भांडून उपाशी गेला. हे सांगताना ती माझ्याकडे बघू शकत नव्हती."

माझी आई म्हणजे पाहुणा आमच्या दारातून उपाशी जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारी बाई. ती इतकी वर्षं पोळ्या लाटताना त्या उपाशी माणसाचं नाव ऐकत होती आणि देवाचं म्हणून मनात हात जोडत होती. तिने मला हळूच सांगितलं, "त्यांना म्हणावं, मला माफ करा. मीच पाठ बंद ठेवायला लावला. माझ्यामुळे गेला असता तो." मी सांगितलं. ब्राटूबाई म्हणाल्या, "फ्राऊ दामले, तिकडून निघाल्यापासून मला थांब म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. मी झोपले. मी माझ्या आईसाठी रडले. त्या माणसांना डोक्यात घेऊन मला रडताही येत नव्हतं." आणि त्या उठल्या, टाइपरायटरमधलं कुठल्याशा शिलाईमशीनचं पान काढलं, कोरा कागद घातला. त्यांची आई आता कुणाच्या हाताला लागणार नव्हती. आईला त्यांनी समोर बसवून घेतलं. आमच्या पोळ्या वर तव्यावर तशाच राहिल्या होत्या. बाबा घरी आले तेव्हा घरभर धूर होता आणि आम्ही दोघी खालीच होतो.

पुस्तक जर्मनमध्ये आलं, एका छोट्या प्रकाशकाकडून. विद्यापीठाच्या एका सभागृहात त्याचं वाचन होतं. बाबांनी दोनदा टाय बदलला. आईने ठेवणीतली पैठणी नेसली आणि वर कोट घातला, तो तिने आत गेल्यावरही काढला नाही, कारण सगळे बघतात म्हणे. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. ब्राटूबाईंनी सुरुवातीचं प्रकरण जर्मनमध्ये वाचलं. सभागृह गच्च भरलं होतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या की आता मी नावं घेणार आहे, आणि ती माझ्या भाषेत घेणार आहे, जशी रोज घेत होते तशी. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तोच आमच्या खिडकीतला आवाज, तोच सूर. शेजारी आईचे ओठ हलायला लागले. वासिलेपर्यंत ब्राटूबाई आल्या आणि थांबल्या. लोकांना वाटलं, विसरल्या. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी पुस्तक उघडून त्यांच्याकडे पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. त्या तिसऱ्या रांगेकडे बघत होत्या. आईने माझा हात घट्ट धरला. मग ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि परक्या लोकांपुढे कधी तोंड न उघडलेली माझी आई साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तोआदेर, मामालिगा रेचे शी चापा." ब्राटूबाईंनी मान हलवली आणि पुढच्या माणसाचं नाव घेतलं.